सोफ्याखालचा आवाज

२ मार्च

सोफा फुकट मिळाला, असं आज दिवसभर सगळ्यांना सांगत हिंडलो. खरा हिशेब इथे लिहून ठेवतो. मेहुण्याच्या बंद पडलेल्या हॉटेलातून तो उचलला. आत घ्यायला आमच्या गोदामाचं दार चौकटीसकट काढावं लागलं, आणि परत बसवल्यापासून ते स्वतःच्या मर्जीने उघडतं. माझी कंबर धरली ती धरलीच. शिवाय मेहुण्याला मालिकेत पोस्टमनचं काम द्यायचा शब्द द्यावा लागला. नुसतं काम नाही, वाक्यासकट. "मुका पोस्टमन मी करणार नाही, भाऊजी," म्हणाला. त्याचं वाक्य ऐकून घेणं ही या सोफ्याची खरी किंमत.

पण सोफा झकास आहे. दोन बायका ऐसपैस बसतात आणि तिसरं माणूस मावत नाही. मला अगदी असाच हवा होता. पोरवयात मी स्टुडिओत वायरी ओढायचो, नंतर विनोदी मालिकांना हशा लावायचं काम मिळालं. आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं हसू योग्य जागी सोडायचं. ते करता करता एक गोष्ट कळली. त्या जुन्या मालिकांत नवरे येत, घरमालक येत, पाहुणे येत, आणि सगळे सोफ्याच्या मागून निघून जात. लोक थांबायचे ते दोन मैत्रिणींसाठी. एकीने काहीतरी खुळचट बेत सांगायचा, दुसरीने "अगं, वेड लागलंय का तुला?" म्हणायचं आणि म्हणता म्हणता चपला घालायच्या. त्या चपला घालण्यावर मी सगळ्यात मोठा हशा सोडायचो.

आता मालक झालोय तर तसंच करतोय. एक खोली, तीन भिंती, समोर बाकांवर खरी माणसं, खरं हसू. वरच्या मजल्यावरची एक आणि तळमजल्यावरची एक. आमच्याकडे त्या दोन नट्यांना सगळे वरची आणि खालचीच म्हणतात. हेडफोन मात्र मी कुणाला देत नाही. माझे कान हीच माझी इस्टेट. या इमारतीत टाचणी पडली तरी ती कुठल्या खोलीत पडली ते मी सांगेन.

५ मार्च

दोघींचं पटत नाही.

मेकअपच्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे. टेबलाशी बसलो की पलीकडचा शब्द न् शब्द येतो. आज वरची खालचीवर ओरडत होती. काय म्हणून? "साखर किती? साखर! किती घालू?" थोड्या वेळाने, "बटण उघडं आहे! मागचं!" असं कोणी बोलतं का आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईशी? खालची नुसती "एक चमचा" म्हणाली, शांतपणे. सोशीक बाई.

आणि शॉट नसतो तेव्हा समोरासमोर खुर्च्या ओढून बसतात, गुडघ्याला गुडघा, आणि एकमेकींच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात. आता कोण कुणाच्या झिंज्या धरते असं वाटावं.

कॅमेरा लागला की मात्र सख्ख्या बहिणी झक मारतील. याला म्हणतात कसब.

११ मार्च

चॅनलच्या बाई येऊन गेल्या. मधल्या दिव्यातून काहीतरी बारीक शिट्टीसारखं येतं म्हणाल्या. वरचीचीही तीच तक्रार आहे. मी दिव्याखाली उभा राहून ऐकलं. काही नाही. लोकांना स्टुडिओत शिरलं की काहीतरी तक्रार केल्याशिवाय आपण महत्त्वाचे वाटत नाही.

मग मुद्द्यावर आल्या.

"दोन बायका सोफ्यावर बसून बोलतात. पुढे काय होतं?"

"पुढेही बोलतात," मी म्हणालो.

"अहो, पण संघर्ष? मैत्री म्हणजे काय गोष्ट झाली का? एखादा पुरुष आणा मध्ये. भांडू देत."

मी त्यांना ती चपला घालण्याची गोष्ट सांगितली. ऐकली बाईंनी, पण घड्याळात बघत. शेवटी पुरुषावर तडजोड झाली, म्हणजे पुरुष नको पण भांडण हवं. पंचवीस तारखेच्या भागात दोघींना दोन कोपऱ्यांत उभं करायचं, पाठीला पाठ. तो भाग बघून चॅनल ठरवणार. आणि जाता जाता म्हणाल्या, "खालची दमलेली वाटते हो. जमलं नाही तर तिच्या जागी वरचीची एखादी तरुण जाऊ आणू. मालिका चालू राहील, तुम्ही काळजी करू नका."

माझी काळजी मिटली, पण खालचीचं काय? बाई तीन वर्षं घरी बसून होत्या. कामं देणारे सांगत फिरायचे, शिष्ट झाल्यात, हाक मारली तरी वळून बघत नाहीत. मी गेलो तेव्हा मला काय शिष्ट वाटल्या नाहीत. मी त्यांच्या समोर बसून बोललो, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वायरवाल्या, पहिली तालीम कधी?" मी कंपनीचा मालक झालो तरी त्यांच्या लेखी अजून वायरी ओढणारा पोरगाच. हे काम गेलं तर त्यांना दुसरं मिळणार नाही. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता चॅनलच्या बाईंनाही माहीत आहे.

१३ मार्च

सापडला!

पहिल्या भागापासून हेडफोनमध्ये एक आवाज छळत होता. हशा ओसरत आला की खालून "धप्". प्रत्येक वेळी. दिवे बघितले, बाक बघितले, कॅमेऱ्याची चाकं बघितली. आज सोफ्यामागे पोटावर झोपलो (कंबरेने त्याचा वेगळा जाब विचारला) आणि हातोहात पकडला. वरचीची टाच! सोफ्याखाली, लाकडी फळीवर, हळूच. दुसऱ्या कोणाला वर्षभर कळलं नसतं.

कारणही लगेच लक्षात आलं. मालिकेत वरचीला खालचीला बोलवायचं असलं की ती जमिनीवर पाय आपटते. भूमिका अंगात भिनली, दुसरं काय. चांगल्या नटांचं असं होतं.

"शेठ, मला नाही जमायचं ते थांबवायला," वरची म्हणाली. चेहरा एकदम उतरला तिचा.

"तुम्हाला काही करायचं नाही," मी म्हणालो. "मी बघतो."

१४ मार्च

घरचा जाड गालिचा उचलून सोफ्याखाली अंथरला. आमचा कपडेपट माझी बायको सांभाळते, तिला वाटलं सेट सजवायला नेतोय. कारण सांगितलं तर सुई हातात तशीच राहिली.

"राहू दे ना तो आवाज. कुणाला कळतोय?"

"मला कळतो."

"हो बाई, तुम्हाला सगळंच कळतं," म्हणाली आणि काज करायला लागली.

वरचीने दोनदा येऊन सांगितलं की गालिच्याने शिंका येतात. शिंक एकही ऐकली नाही मी.

१७ मार्च

वाईट दिवस.

चॅनलच्या बाई न सांगता रेकॉर्डिंगला आल्या, आणि नेमकं आजच खालचीचं गणित चुकलं. विनोदी नटाची सगळी मिरास थांबण्यात असते. लोक हसतात तोवर गप्प राहायचं आणि हसू पुरतं विझायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. खालचीचं थांबणं म्हणजे घड्याळजीला दाखवावं असं. आज बाई भर हशात बोलून मोकळ्या झाल्या, लोकांना वाक्यच ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी लोक गप्प झाले तरी बाई गप्प. वरची सोफ्यावर चुळबुळ करत होती, सारखी सरकून सरकून तिला खेटत होती. त्याने फ्रेम बिघडली ती वेगळीच.

गालिचा मात्र कामाला आला. संपूर्ण भागात एक धप् नाही. ध्वनी आरशासारखा स्वच्छ, आणि त्यात बाईंची प्रत्येक चूक स्वच्छ.

चॅनलच्या बाई पर्स उचलत म्हणाल्या, "बघितलंत ना? मी उगाच नव्हते म्हणत."

१८ मार्च

खोटं कशाला लिहू, आज सकाळी मी जावेच्या कामासाठी दोन मुलींचे फोटो बघितले. एक बरी होती.

मग खालचीच्या खोलीत गेलो. म्हटलं आपल्या तोंडून कळलेलं बरं. बाई आरशासमोर बसल्या होत्या. मी दारातून बोलायला सुरुवात केली तर वळल्याच नाहीत. रागावल्यात, म्हटलं. पुढे जाऊन समोर बसलो तेव्हा बाईंनी बघितलं. बोलत होतो तितका वेळ नजर माझ्या ओठांवर. डोळ्याला डोळा देईनात. मला फार लागलं ते.

सगळं ऐकून म्हणाल्या, "पंचवीसपर्यंत दम धर, वायरवाल्या. पंचवीसला नाही जमलं तर मीच माझी पिशवी उचलीन. तुला सांगावं लागणार नाही."

मी हो म्हणालो. घरी येताना वाटलं, हो म्हणायला नको होतं. आणि दार लावताना वाटलं, नाही म्हटलं असतं तर जेवण गेलं नसतं.

२० मार्च

वरची तणतणत आली. "गालिचा काढणार नाही ना तुम्ही?"

"नाही."

"ठीक. मग एक चादर द्या. मोठी, डबल बेडची."

"आता चादर कशाला?"

"शेठ, तुम्ही बायकांना भांडताना बघितलंय कधी? हात रिकामे ठेवून कोण भांडतं? दोन कोपऱ्यांत पाठ फिरवून उभं राहायचं म्हणे! वाळलेली चादर हातात द्या आणि घड्या घालता घालता भांडू द्या. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. चॅनलला लांब उभ्या हव्यात ना? चादरीइतक्या लांब राहतो."

कल्पना वाईट नव्हती. पण मला त्यातलं राजकारण दिसलं. वरचीला खालचीबरोबर सोफ्यावरसुद्धा बसायचं नाही आता. बुडत्या बाईपासून अंतर ठेवतेय. असो, नट मंडळींत हे चालायचंच. मी चादर मंजूर केली.

२३ मार्च

एका चादरीसाठी आमच्या घरी काय चाललंय! बायकोने कपाट उपसलं. एक मऊ म्हणून नाकारली, एक ताणली की सैल पडते म्हणून. वरचीला बोलावून दोघी अंगणात एकेक टोक धरून हिसके देऊन बघत होत्या. "कळतंय का?" वरची विचारत होती. "अजून जरा कळायला हवं," ही म्हणाली, आणि तिने काठाला जाड पट्टी शिवली.

मी म्हटलं, "अगं, कॅमेऱ्यात पट्टी दिसणारसुद्धा नाही."

"दिसायला नाहीच आहे ती," म्हणाली.

तालमीला मला येऊ दिलं नाही. दोघींनी दार लावून घेतलं. आतून वरचीचं ओरडणं चालूच: "आता! नाही, आत्ता!" खालची चिडून, "तू जोरात ओढ ना मग! मी काय काचेची आहे?" हे दोघींचं उघड भांडण मी पहिल्यांदा ऐकलं. पंचवीस तारखेला खऱ्या भांडणाचा रंग चढणार, हे एक बरं.

मेहुण्याचं वाक्य ठरलं: "पत्र आहे." त्याला त्यात पुढे आपल्या मनाचं घालायचंय.

२५ मार्च

झालं! झालं!

बाक खच्चून भरले. चॅनलच्या बाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, उठायच्या तयारीत. मी हेडफोन चढवले. मेहुणा आला, "पत्र आहे, आणि ओझं फार झालंय" म्हणाला, लोक हसले, आणि तो इतका खूश झाला की जायचंच विसरला. वरचीने त्याला दारातून ढकललं तेव्हा आणखी हसले.

मग चादर.

खालची: "घर बदलतेयस, आणि मला पोस्टमनकडून कळतंय?"

हशा. दोघी चादर ताणून उभ्या. हशा उतरला आणि वरचीने चादरीला हिसका दिला, जशी रागाने देईल तशी. तत्क्षणी खालची: "मी कोण? तळमजला!"

लोक फुटले. मी ताठ झालो. तेच थांबणं, तीच जागा!

घडी घालायची तर टोकं जुळवायला जवळ यावं लागतं. दोघी चालत आल्या, नाकाला नाक.

"तुला सांगितलं असतं तर तू घर बघायला आली असतीस!"

"आलेच असते!"

"आणि म्हणाली असतीस, ओटा उंच आहे!"

"असणारच उंच!"

"आहेच उंच!"

आणि पुन्हा मागे मागे, चादर ताठ. आता लोकांना ते हिसके कळायला लागले होते. हिसका बसला की हसायचे, बसायच्या आधीच हसायचे. एकदा तर हसू थांबेचना. वरची टोक धरून उभी, हिसका देईना. खालची दुसऱ्या टोकाला, डोळे चादरीवर, चेहऱ्यावर असा काही संताप की जणू जन्मभर अशीच उभी राहीन. ती जितकी थांबली तितके लोक जास्त हसले. मी एवढी वर्षं हसू विकतोय, पण इतका वेळ गप्प उभं राहून कोणी लोकांना लोळवल्याचं मी ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका बाईला तर उचकी लागली.

शेवटची घडी. चादर उशीएवढी झाली, दोघींचे हात एकमेकींच्या हातांवर.

"कुठे राहायला जातेयस?" खालचीने विचारलं. हळू. कोणी हसलं नाही.

"तिसऱ्या मजल्यावर."

"कुठल्या गल्लीत?"

"याच जिन्याने. हवा चांगली आहे वर."

खालची छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि मधल्या मजल्यावर जी कोणी येईल, तिला तू पाय आपटलेला चालेल का, ते विचारलंस?"

लोक उभे राहिले! चॅनलच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि त्यांची पर्स बाकाखाली लोळत होती. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "दोघी हव्यात मला. वर्षभर. जावेचं नावसुद्धा काढू नका." जसं काही मीच काढलं होतं!

सेटवर बघितलं तर वरची आणि खालची ती चादर अंगाभोवती गुंडाळून एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आमची ही त्यांच्यात तिसरी. यशाने शत्रूसुद्धा एक होतात, मी बघितलंय हे.

आणि लिहून ठेवतो: एक धप् नाही. गालिचा आणि थांबण्याची शिकवण, दोन्ही माझी. या यशात कानाचा वाटा मोठा.

३० मार्च

करारावर सह्या झाल्या. शाई वाळायच्या आत खालचीने दार लावलं आणि मला समोर बसवलं. वरची बाजूला उभी.

"वायरवाल्या, आता सांगते. मला ऐकू येत नाही. एका कानाने काहीच नाही, दुसऱ्याने कोणी ओरडलं तर थोडं. चार वर्षं झाली."

मी हसलो. मला वाटलं नवा विनोद आहे. कोणी हसलं नाही.

"मग... हशा?" मी विचारलं. "हशा संपला हे तुम्हाला कळायचं कसं?"

वरचीने नुसती टाच उचलून फळीवर टेकवली.

पुढचा थोडा वेळ माझ्या डोक्यात काय काय कोसळलं ते लिहीत नाही. साखर, बटण, शिंका, सगळं रांगेने आलं. म्हणालो, "पण तुमचं दोघींचं भांडण होतं ना?"

"कसलं भांडण?"

"ती चहाची साखर विचारताना ओरडत होती!"

दोघी इतक्या हसल्या की वरचीला टेबल धरावं लागलं. खालची म्हणाली, "ही पहिल्याच तालमीत ओळखून बसली. मी म्हटलं, झालं, आता ही सगळ्यांना सांगणार. दुसऱ्या दिवशी आली आणि माझ्या पायाशेजारी पाय ठेवून बसली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही."

"मला का नाही सांगितलं, बाई? मी काही काढून टाकलं नसतं."

"नसतंस रे. दया केली असतीस. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे काळजीने बघितलं असतंस. आणि जिची काळजी वाटते तिला कोण हसतं?"

बाहेर येऊन बायकोला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"मी तिच्या पाठीची बटणं लावते हो," ती म्हणाली. "मागून बोललेलं तिला कळत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही माइक लावून ऐकत बसला असता."

गालिचा मी स्वतः गुंडाळून घरी आणला. कंबर धरली. धरू दे.

६ एप्रिल

खालचीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. हट्टाने मीच नेलं. इतकी वर्षं बाई यंत्र लावायला तयार नव्हत्या, कॅमेऱ्यात दिसलं तर काम जाईल म्हणून. आता काम पक्कं आहे आणि यंत्रही म्हणे दाण्याएवढं असतं. वरची बरोबर होतीच. दोघी आत गेल्या, मी बाकावर. आतून त्यांचं हसणं बाहेर येत होतं. डॉक्टरीणबाईही हसत होत्या.

बाहेर आल्या तर खालचीचं तोंड उजळलेलं. पुढच्या आठवड्यात यंत्र मिळणार. दुसऱ्या कानात बरंच काही शिल्लक आहे, यंत्राने हशासुद्धा ऐकू येईल. "पण तू पाय आपटायचा सोडू नकोस हं," तिने वरचीला बजावलं. "मला सवय झालीय."

"अगं, तुला ऐकू यायला लागलं की मी आधी तुला शिव्या देणार आहे. महिनाभर साठवल्यात," वरची म्हणाली, अर्थात ओरडून. बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

मी फार खुशीत होतो. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, आलोच आहे तर माझेही कान तपासून टाका, चांगला कान कसा असतो तो तुमच्याकडेही नोंदलेला असू दे. त्यांनी मला काचेच्या पेटीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी आवाज येताच दाबत होतो. मध्ये बराच वेळ त्यांनी काही वाजवलंच नाही, मी आपला वाट बघत बसलो.

त्या वाजवत होत्या. शिट्टीसारखे बारीक, उंच पट्टीचे आवाज मला दोन्ही कानांनी येत नाहीत. सात-आठ वर्षं तरी झाली असावीत, म्हणाल्या.